जावेच्या नावची सुगडी

भोगीच्या आदल्या दिवशी आमच्या सासऱ्यांना साताऱ्याला जायचं असतं. आमचं गाव कडेगाव तालुक्यातलं. मिलिटरी कॅन्टीन आम्हाला याहून जवळही मिळेल, पण मामांना ते मान्य नाही. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामा सुभेदार म्हणून रिटायर झाले, त्याला आता कैक वर्षं झाली, तरी साताऱ्याच्या कॅन्टीनमध्ये पाऊल टाकलं की त्यांची छाती दोन बोटं पुढे येते. तिथे त्यांचे जुने सोबती भेटतात. चहापत्ती आणि साबण ही सगळी सबब.

गेल्या संक्रांतीला भोगी सोमवारी होती, म्हणजे बाजाराचा दिवस रविवार आला. लेकीच्या शाळेला सुट्टी. माझा नवरा साखर कारखान्यात आहे, हंगाम सुरू झाला की तो घरचा राहत नाही, कारखान्याचा होतो. तेव्हा मामा, आत्याबाई, मी आणि चौथीतली लेक असे चौघे सकाळच्या एसटीने निघालो. थंडी अशी होती की कराड येईपर्यंत गाडीतलं कुणी खिडकीच्या काचेला हात लावेना. आत्याबाईंनी लुगड्यावरून स्वेटर, स्वेटरवरून शाल आणि शालीवरून पुन्हा पदर घेतला होता. लेक म्हणाली, "आज्जी, आत तूच आहेस ना?"

साताऱ्यात उतरल्यावर मामांनी रिक्षाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाय कशाला दिल्यात?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मग ते पुढे, हात मागे बांधून, आणि आम्ही तिघी मागून जवळजवळ पळत. कॅन्टीनचं सामान घेतलं, ते स्टँडजवळ त्यांच्या एका सोबत्याच्या दुकानात ठेवलं, आणि राजवाड्याच्या बाजूला चढ चढायला लागलो. ऊन डोक्यावर आलं होतं, पण सावलीत पाऊल पडलं की किल्ल्याकडून येणारा वारा कानात शिरायचा. एरवी मला हे चालणं आवडतं. घरी चालायचं म्हणजे गोठा ते चूल आणि चूल ते गोठा. इथे निदान दुकानं तरी बघता येतात.

बाजार संक्रांतीने नुसता फुलला होता. रंगीत हलवा, गाजरं, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, गव्हाच्या ओंब्या. उसाची कांडी मांडून बसलेल्या बाईपुढे आत्याबाई थबकल्या आणि मोठ्याने हसल्या. "आमी ऊसवालं आन् हितनं ऊस इकत न्यावा! गावात तोंड दावता याचं न्हाई." ती बाईही हसली. मग तीळ घेतले, चिकीचा गूळ घेतला, भोगीच्या भाजीला घेवडा आणि पावटा घेतला. हळदीकुंकवाला यंदा काय लुटायचं यावर आमचा दरवर्षीचा वाद झाला. मला स्टीलच्या चाळण्या हव्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, चाळणीनं चाळायला घरात पीठ कोण ठेवतंय आता, सगळ्या गिरणीतनं बारीक दळून आणत्यात. शेवटी नेहमीसारख्या वाट्या घेतल्या.

सुगडी राहिली होती. संक्रांतीला प्रत्येक सवाष्ण मातीची छोटी बोळकी पुजते, त्यांत ऊस, बोरं, गाजर, घाटे भरते. पाच बोळक्यांचा एक संच, त्याला आमच्याकडे खण म्हणतात. घरात जेवढ्या सवाष्णी तेवढे खण. रस्त्याच्या कडेला एक कुंभारीण बसली होती, तिच्यापुढे लाल-काळ्या सुगड्यांच्या उतरंडी. आत्याबाई उकिडव्या बसल्या, दोन-चार सुगडी बोटाच्या पेराने वाजवून बघितली आणि म्हणाल्या, "तीन खण दे बाई. चिरा गेल्यालं घालू नको."

मी ऐकलं. मामांनीही ऐकलं असणार, कारण ते एकदम समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागले. कुंभारणीने गवत घालून तिन्ही खण टोपलीत रचले, वरून रंगीत दोरा गुंडाळला. टोपली उचलायला हात घातला आणि आत्याबाई तशाच थांबल्या.

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या.

घरात आता दोनच सवाष्णी होत्या, आत्याबाई आणि मी. तिसरा खण माझ्या धाकट्या जावेचा. त्याआधीच्या पावसाळ्यात कोर्टातून तिचा आणि माझ्या दिराचा घटस्फोट झाला, आणि ती साताऱ्याला तिच्या आईकडे राहायला लागली, त्यालाही त्याआधी वर्ष होऊन गेलं होतं. पण आत्याबाईंच्या तोंडाला तीन म्हणायची सवय. त्याच्या आदल्या वर्षीच्या संक्रांतीला सुगडी मी आणली होती म्हणून ती सवय कुणाला कळली नव्हती.

"एक कमी करू का, मावशी?" कुंभारणीने विचारलं.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "नावानं काढल्यालं माघारी ठिवत न्हाईत."

इथे मला जरा मागचं सांगायला हवं. जावा-जावा उभा दावा, असं म्हणतात. आमच्या गावात तर ही म्हण खरी करून दाखवायची चढाओढ आहे. आम्हा दोघींना ती काही जमली नाही. ती शहरातली, बी.कॉम. झालेली. पहिल्या दिवशी गोठ्यात गेली तर म्हशीला "एक्सक्यूज मी" म्हणाली, हे मी सगळ्या भावकीत सांगून ठेवलं होतं. तिच्या भाकरीला कधी गोल कडा आली नाही. पण कॅनॉलच्या रस्त्यावर मला स्कूटी तिने शिकवली. मागे बसून ती माझ्या कानात ओरडायची, "आक्का, ब्रेक! अगं तो ब्रेक नाही!" दोनदा आम्ही उसात गेलो. पाचट टोचलं, पाय खरचटले, आणि हसून हसून आम्हाला उठता येईना. दुपारी सगळे झोपले की आम्ही मागच्या पडवीत गुपचूप दुसरा चहा करायचो. तो चहा आत्याबाईंना ठाऊक होता हे मला फार उशिरा कळलं. त्या दूधच जास्तीचं काढून ठेवत असत.

दीर फौजेत. लग्नानंतर सुट्टीला यायचा, महिना राहायचा, जायचा. ती म्हणे, क्वार्टर मिळालं की मला ने. तो म्हणे, पुढच्या पोस्टिंगला. मग पुढचीही पोस्टिंग झाली. ती साताऱ्यात नोकरी बघते म्हणाली तर त्याला ते आवडलं नाही. फोनवर भांडणं व्हायला लागली, आणि नंतर तीही होईनाशी झाली. दारू नव्हती, मारहाण नव्हती, दुसरी कुणी नव्हती. वाईट कुणीच नव्हतं, त्यामुळे शिव्या तरी कुणाला द्यायच्या? दोघांनी मिळून सह्या केल्या आणि मोकळे झाले. पण हिशेबच करायचा तर ती नवऱ्यापेक्षा जास्त माझ्याबरोबर नांदली. तिच्या जाण्याने दिराचं काय गेलं ते सगळ्यांनी विचारलं. माझं काय गेलं ते विचारायची आपल्याकडे रीतच नाही. सुरुवातीला आमचे फोन व्हायचे. पुढे पुढे दोघीही "बाकी काय?" म्हणून थांबायला लागलो. एक दिवस ते बाकी कायही संपलं.

तर भर बाजारात टोपली कडेवर घेऊन आत्याबाईंनी मला विचारलं, "आता ती सवाष्ण हाय का न्हाई गं?"

मी शिकलेली, ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं वाचलेली, पण हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कुमारिका म्हणावी तर नाही. विधवा तर नाहीच नाही.

"नवरा तर जित्ता हाय," आत्याबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "माजाच ल्योक हाय तो. मग तिनं सुगाड का पुजू ने?"

"आवं आत्याबाई, पण तिला पुजायचं असेल का?"

"ते तिला इचारू. तिचं घर हितंच वर हाय न्हवं? द्यून येऊ."

आता मामा पाटी वाचायचे थांबले. "कंच्या नात्यानं जायाचं?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण मिशी हलली.

"साताऱ्यात यून पाव्हण्याच्या दारावरनं तसंच जायाचं व्हय?"

"पाव्हणं ऱ्हायलं का ते?"

आत्याबाईंनी मामांच्या हातात भाजीची पिशवी दिली, माझ्या हातात तिळाची, आणि त्या चालायला लागल्या. उभ्या जन्मात मामांच्या पुढे चालताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. मामा म्हणाले, "मी हितं बसतो," आणि राजवाड्याजवळच्या मैदानातल्या एका बाकावर ताठ बसून राहिले.

तिचं घर किल्ल्याच्या पायथ्याला, चढाच्या गल्लीत. त्या चढावर आत्याबाई दोनदा थांबल्या, कमरेवर हात ठेवून. टोपली मात्र मला देईनात. माझ्या मनात काय काय चाललं होतं! ती भेटली की काय बोलायचं याची मी जुळवाजुळव करत होते, आणि ती घरात नसली तर बरं, असंही वाटत होतं. मला ती हवी होती, एवढंच खरं. कुठल्या नावाने, कुठल्या नात्याने, ते कळत नव्हतं.

दार उघडंच होतं. ती पायरीवर उन्हात केस वाळवत बसली होती. केस कापलेले, अंगात पंजाबी ड्रेस, कपाळावर बारीक काळी टिकली. लेक माझा हात सोडून "काकी!" करत धावली आणि सरळ तिच्या मांडीत जाऊन पडली. तिने तिला घट्ट धरलं, "केवढी झालीस गं!" म्हणाली. मग मान वर करून आमच्याकडे पाहिलं, उठली, ओढणी सारखी केली.

"या ना काकू," ती म्हणाली. "आत या. बसा."

काकू. ज्या बाईला तिने लग्नाच्या दिवसापासून आत्याबाई म्हटलं, तिला ती काकू म्हणाली. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. दुसरं काय म्हणणार होती? चौथीतल्या पोरीला काकी होती, ती अजूनही काकीच होती. आम्ही दोघी मोठ्या बायका मात्र एका सहीने परक्या झालो होतो. मला इतकं वाईट वाटलं की मी चपला काढायला वाकले ती जरा वेळ वाकूनच राहिले.

तिच्या आईने पाणी दिलं, अगत्याने बसवलं. ऊसतोड कुठवर आली, म्हैस व्यायली का, थंडी यंदा जास्तच, असं सगळं बोलून झालं. आत्याबाईंनी टोपलीतून तिसरा खण काढून सतरंजीवर ठेवला.

"तुझं सुगाड. चुकून घितलं, पर नाव तुझं हुतं."

तिच्या आईने भिंतीकडे पाहिलं. ती मात्र खाली बसली, एक सुगड उचललं आणि बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, अगदी आत्याबाई वाजवतात तसं. "छान भाजलीत," ती म्हणाली. "मी आता पुजत नाही, काकू. पण राहू द्या. माझ्याकडेच राहू द्या."

चहा करायला ती आत गेली तशी मी मागून गेले. कुणाच्याही घरी स्वयंपाकघरात शिरायचं नाही हे मला कळतं, पण पाय गेले. ती पातेल्यात साखर घालत होती. पाठमोरी म्हणाली, "स्कूटी चालवतेस का?"

"नाही. धूळ खात पडलीये."

"अगं, का?"

"मागं ओरडायला कोण नाही."

ती हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज फिरला. "आक्का, मी तिकडून निघाले ना, तेव्हा मला वाटलं होतं, एकालाच सोडून चाललेय."

यावर काही बोलायला हवं होतं. चढभर जुळवलेलं सगळं होतं की माझ्याकडे. मी तिथल्या कपबशा उचलल्या आणि विसळायला लागले. त्या धुतलेल्याच होत्या. तिने मला विसळू दिल्या. चहा उकळला, आम्ही बाहेर आलो.

निघताना तिच्या आईने कुंकवाचा करंडा आणला. सणासुदीला घरी आलेल्या बायकांना कोरड्या कपाळाने पाठवत नाहीत. तिने आत्याबाईंना हळदीकुंकू लावलं, मला लावलं. मग ती, माझी जाऊ, पुढे झाली आणि आत्याबाईंच्या पायाशी वाकली.

आमच्याकडे सून वाकली की सासूच्या तोंडून एकच आशीर्वाद निघतो, जन्मभर सवाष्ण राहा. त्याला विचार लागत नाही, वाकलेली पाठ दिसली की तो आपोआप येतो. मी पाहत होते, आत्याबाईंचा हात तिच्या डोक्यावर गेला, ओठ हलले, "जल्मभर" एवढं बाहेर आलं आणि त्या थांबल्या. पुढचा शब्द म्हणावा तर कुणाचं आयुष्य मागायचं? स्वतःच्या लेकाचं? ते आता या पोरीच्या कपाळी नव्हतं. म्हणू नये तर वाकलेल्या पोरीला आशीर्वादावाचून उठवायचं? ती वाकलेलीच होती. कुणी हललं नाही. तिची आईसुद्धा करंडा धरून उभी.

मग आत्याबाई खाली बसल्या. गुडघा दुखतो, त्यांना तसं बसवत नाही, पण बसल्या, आणि तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "फुडल्या जल्मी माज्या पोटाला ये. सून म्हणून नगं येऊ. पोटाला ये. म्हंजी कुनाला सई करून न्हेता याची न्हाईस."

ती रडली. आत्याबाई नाही रडल्या. त्यांनी पदराने तिचे डोळे पुसले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. लेकीने तिला "काकी, मे महिन्यात येऊ?" विचारलं, आणि ती म्हणाली, "ये की, पंधरा दिवस ये." माझा तिने फक्त हात हातात धरून ठेवला आणि सोडला.

चढ उतरून आलो तर मामा त्याच बाकावर, तसेच ताठ. भाजीची पिशवी मांडीवर. आमच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बरी हाय का?"

"हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"चला मग."

परतीच्या गाडीत आत्याबाईंना लगेच झोप लागली. मी मात्र जागीच. आत्याबाईंनी पुढच्या जन्माची सोय करून घेतली, त्यांना ते जमण्यासारखं होतं. माझं काय? जाऊ काही पोटाला मागता येत नाही. ती कुणीतरी लग्न करून आणावी लागते, आणि ज्याने आणायची त्याने ती सोडली की आपण कोण? एवढं साधं होतं, आणि मला ते त्या दिवशी गाडीत बसून कळलं. स्कूटीच्या गप्पांऐवजी तिला निदान, तू गेलीस आणि घर माझ्या अंगावर येतं, एवढं तरी सांगायला हवं होतं. त्यासाठी पुन्हा साताऱ्याला कुठलं सामान आणायला जाऊ?

मामा पुढच्या सीटवर होते. बराच वेळ खिडकीतून उसाच्या गाड्या बघत बसले होते. मग मागे वळले आणि आत्याबाई झोपल्यात हे पाहून हळू आवाजात मला म्हणाले, "संक्रात झाली का कोरेगावाकडं पोरगी बघाय जायाचं हाय. तुला यावं लागंल."

मी मान हलवली.

"तुजी जाऊ व्हणार ती," मामा म्हणाले, फार मायेने म्हणाले. "आमचं ऱ्हाऊ दे. आदी तुला पसंत पडाय पायजे."

मी "बरं मामा" म्हटलं. मला जी पसंत होती ती मागे चढावर राहिली होती, आणि आमची गाडी तोवर नागठाण्याच्या पुढे आली होती.